आधी घर, मग भूत : शरदातील वाचनाची निवड

शरद ऋतू म्हणजे आश्विन आणि कार्तिक, असे पंचांग सांगत असले तरी वाचनाच्या दृष्टीने हा काळ भाद्रपदाच्या वद्य पक्षापासूनच धरावा लागतो. कारण पितृपक्षात घरातल्या गेलेल्या माणसांची नावे पुन्हा घेतली जातात, त्यांच्यासाठी पान वाढले जाते, कावळ्याची वाट पाहिली जाते, आणि तेथून सुरू झालेला मृतांचा हा वावर दिवाळीच्या अमावास्येपर्यंत संपत नाही. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे वात करून यमासाठी दिवा लावला जातो, अमावास्येच्या रात्री परतणाऱ्या पितरांना वाट दिसावी म्हणून उजेड करावा असे धर्मशास्त्राचे ग्रंथ सांगतात, आणि लक्ष्मीपूजनानंतर केरसुणीने अलक्ष्मीला घराबाहेर घालवण्याची रीतही जुनी आहे. महाराष्ट्रात जी नरक चतुर्दशी, तीच तिथी बंगालमध्ये भूतचतुर्दशी म्हणून ओळखली जाते. त्या दिवशी तेथे चौदा प्रकारच्या पालेभाज्या खाल्ल्या जातात आणि संध्याकाळी चौदा पूर्वज-पिढ्यांसाठी चौदा दिवे लावले जातात. युरोपात याच सुमारास, ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनची रात्र येते, तिच्या मुळाशी सुगी संपून अंधारी सहामाही सुरू होण्याचा केल्टिक लोकांचा जुना सण आहे, आणि पाठोपाठ १ व २ नोव्हेंबरला ख्रिस्ती पंचांगात संतांचे व मृतात्म्यांचे दिवस येतात. धान्य घरात आलेले, रात्र मोठी होऊ लागलेली आणि गेलेली माणसे उंबऱ्यापाशी, असा हा काळ असल्याने या दिवसांत वाचकाचा हात एकाच वेळी दोन प्रकारच्या पुस्तकांकडे जातो, यात नवल नाही.

या दोन प्रकारांना इंग्रजीत ‘कोझी’ आणि ‘स्पूकी’ अशी नावे आहेत. त्यांपैकी पहिल्याला मराठीत ‘ऊब’ हा नेमका शब्द आहे. गोधडीची ऊब, चुलीची ऊब आणि माणसांची ऊब असे त्याचे तिन्ही अर्थ येथे लागू पडतात. दुसऱ्यासाठी मात्र मराठीत एक शब्द पुरत नाही. भयकथा ही भीती निर्माण करण्यासाठीच रचलेली असते, गूढकथेत जे घडले त्याचा उलगडा शेवटपर्यंत पुरता होत नाही, आणि रहस्यकथेत तो झालाच पाहिजे अशी वाचकाची अट असते. पुस्तकांच्या दुकानांत व याद्यांत हे प्रकार वेगवेगळ्या फळ्यांवर मांडले जातात, आणि ऊब देणारी पुस्तके तर त्यांच्यापासून पार दूर ठेवली जातात. ही मांडणी सोयीची असली तरी निवड करणाऱ्याची दिशाभूल करणारी आहे, कारण चांगल्या भयकथेचा पाया घराच्या उबेवरच घातलेला असतो. ज्या पुस्तकात घर नीट उभे राहत नाही त्यात भूत कितीही भयानक रंगवले तरी ते वाचकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून शरदासाठी भयाचे पुस्तक निवडताना आधी त्यातले घर पाहावे आणि मग भूत.

हा केवळ रुचीचा प्रश्न नव्हे. मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१९ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात ‘उनहाइमलिश’ या जर्मन शब्दाची चिकित्सा केली आहे. या शब्दाचा वापर अंगावर काटा आणणाऱ्या, अस्वस्थ करणाऱ्या गोष्टीसाठी होतो, परंतु त्याची घडण पाहिली तर तो ‘घरगुती’ या अर्थाच्या शब्दाला नकार जोडून तयार झालेला आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, त्या मूळ शब्दाचाच अर्थ ‘घरातले’ येथून ‘घरात झाकून ठेवलेले’ आणि मग ‘गुप्त’ असा सरकत सरकत आपल्या विरुद्धार्थी शब्दाला जाऊन मिळतो, हे फ्रॉइड यांनी शब्दकोशांच्या आधारे दाखवून दिले. जे मुळात परके आहे त्याचे भय वेगळे आणि जे आपलेच असून परके होऊन समोर येते त्याचे भय वेगळे, आणि शरदातल्या कथांना हे दुसरे भय लागते.

भारतीय काव्यशास्त्राने या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक हा आठ रसांपैकी एक असून भय हा त्याचा स्थायिभाव, म्हणजे प्रेक्षकाच्या मनात आधीपासून वसत असलेली मूळ भावना, मानला आहे. प्रत्यक्ष भीती कोणालाच नको असते, मग तिचा आस्वाद कसा घेता येतो, याचे उत्तर देताना अभिनवगुप्ताने कालिदासाच्या शाकुंतलातील, दुष्यंताच्या बाणापुढे पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले. तेथे जाणवणारे भय ना हरणाचे राहते, ना प्रेक्षकाचे स्वतःचे, तर कोणा एकाचे नसलेले निखळ भय होते, असे त्याचे विवेचन आहे. या प्रक्रियेला साधारणीकरण म्हणतात. मात्र त्यासाठी प्रेक्षक स्वतः सुरक्षित असावा लागतो, आणि घरात दिव्यापाशी बसून वाचणाऱ्याला ती सुरक्षितता आपोआप मिळालेली असते.

भुताच्या गोष्टींचा ऋतू निसर्गाने ठरवलेला नाही, ही गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. जपानमध्ये अशा गोष्टी परंपरेने उन्हाळ्यात सांगितल्या जातात, कारण भीतीने अंगावर येणारा शहारा उकाड्यात हवाहवासा वाटतो; ओइवा या विषप्रयोगाने विद्रूप झालेल्या पत्नीच्या सूडाचे प्रसिद्ध काबुकी नाटक १८२५ च्या उन्हाळ्यातच प्रथम रंगमंचावर आले. इंग्लंडमध्ये हा मान नाताळाला मिळाला. ज्या कादंबरीपासून गॉथिक कथांची, म्हणजे जुने किल्ले, तळघरे आणि घराण्याचे शाप यांवर उभ्या राहिलेल्या कथांची, परंपरा सुरू झाली ती होरेस वॉलपोल यांची ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ २४ डिसेंबर १७६४ रोजी प्रसिद्ध झाली होती. पुढे चार्ल्स डिकन्स यांनी १८४३ च्या डिसेंबरात ‘अ ख्रिसमस कॅरल’ प्रसिद्ध करून भूत आणि मेजवानी यांची कायमची गाठ घालून दिली, आणि आपल्या नियतकालिकांचे नाताळ विशेषांक काढण्याचा परिपाठ ठेवला. एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘द ओल्ड नर्सेस स्टोरी’ १८५२ च्या अशाच एका अंकात आली आणि स्वतः डिकन्स यांची ‘द सिग्नल-मॅन’ ही रेल्वेच्या बोगद्यापाशी घडणारी कथा १८६६ च्या.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या इतिहासाला विशेष महत्त्व आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये सुरू केलेल्या ‘मासिक मनोरंजन’चा १९०९ चा दिवाळी अंक हा मराठीतील पहिला दिवाळी अंक मानला जातो, आणि इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ विशेषांक हाच त्यामागचा आदर्श होता. म्हणजे सणाच्या दिवसांत, फराळाच्या ताटाजवळ बसून वाचायचा जाड अंक ही कल्पना ज्या घरातून मराठीत आली त्या घरात भुताची गोष्ट आधीपासून राहत होती. पुढे अनंत अंतरकर यांनी ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ यांच्या जोडीला ‘नवल’ हे अद्भुत, गूढ व रहस्यमय कथांना वाहिलेले मासिक काढले, तेव्हा ती मराठी अंकांच्या घरातही रीतसर नांदू लागली. बंगालमधील पूजा-अंकांना तर ‘शारदीया’ असे ऋतूचेच नाव आहे, आणि सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कित्येक रहस्यकथा त्या अंकांतूनच वाचकांसमोर आल्या.

खास शरदाची म्हणावी अशी पाश्चात्त्य भयकथा निवडायची झाल्यास वॉशिंग्टन आयर्विंग यांच्या ‘द लेजंड ऑफ स्लीपी हॉलो’ या १८२० च्या कथेचे नाव आधी घ्यावे लागते. हडसन नदीकाठच्या डच शेतकऱ्यांच्या खोऱ्यात घडणाऱ्या या कथेत मुंडके नसलेला घोडेस्वार बराच उशिरा येतो. त्याआधी आयर्विंग भरलेली कोठारे, फळांनी वाकलेल्या बागा, रंग बदललेली झाडे आणि व्हॅन टासल कुटुंबाच्या मेजवानीचे टेबल यांचे सविस्तर वर्णन करतात, आणि मास्तर इकाबोड क्रेन यांची खादाडी इतक्या प्रेमाने रंगवतात की वाचकाला त्या घरातून निघावेसेच वाटत नाही. मेजवानीनंतर गप्पा भुतांवर जातात आणि त्यानंतर मास्तरांना एकट्याने घरी जायचे असते. ही भीती त्या मेजवानीतूनच उगवलेली आहे, कारण मागे सोडलेल्या उजेडाचे मोल वाचकाला कळलेले असते.

या तंत्राची सर्वांत नेमकी जाण ज्यांना होती ते एम. आर. जेम्स हे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातील हस्तलिखितांचे थोर अभ्यासक होते. १८९३ च्या ऑक्टोबरात त्यांनी तेथील एका मंडळात आपल्या पहिल्या भूतकथा वाचून दाखवल्या, पुढे दर नाताळाला मित्रांसमोर अशी एखादी कथा वाचण्याचा प्रघात पडला, आणि १९०४ मध्ये त्यांचा ‘घोस्ट स्टोरीज ऑफ अॅन अँटिक्वेरी’ हा संग्रह निघाला. भूतकथेची पात्रे आधी निवांतपणे, आपापल्या कामात मग्न आणि भोवतालावर खूश अशी दाखवावीत, आणि मग त्या शांत वातावरणात अशुभाने प्रथम किंचित व पुढे अधिकाधिक डोके वर काढावे, असे त्यांनी स्वतःच एका प्रस्तावनेत मांडले आहे. त्यांच्या कथांतील नायक बहुधा एकटे, पुस्तकवेडे प्राध्यापक असतात, खानावळीतले जेवण आणि अंथरूण त्यांना महत्त्वाचे वाटते, आणि त्या अंथरुणातच काहीतरी असते. लांबीने बेताच्या असलेल्या या कथा एका बैठकीत संपतात, आणि दिवाळीच्या पाहुण्यारावळ्यांच्या दिवसांत हा गुण मोठाच मानला पाहिजे.

तरीही एकच लेखक निवडायचा असेल तर तो मान शर्ली जॅक्सन यांना द्यावा. १९१६ मध्ये जन्मलेल्या आणि १९६५ मध्ये अकाली निधन पावलेल्या या अमेरिकन लेखिकेने व्हर्मॉन्ट राज्यातील एका लहान गावात चार मुले वाढवत आपले बहुतेक लेखन केले. ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ ही १९५९ ची कादंबरी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली असली, तरी त्याआधी १९५३ मध्ये त्यांनी ‘लाइफ अमंग द सॅव्हेजेस’ हे मुले, पसारा, स्वयंपाक आणि शेजार यांविषयीचे अत्यंत प्रसन्न पुस्तक लिहिले होते, हे पुष्कळांना माहीत नसते. जिच्या हातून घराची ऊब इतकी जिवंत उतरली तिच्याच हातून घराचे भय तितक्याच ताकदीने उतरावे, हा योगायोग नव्हे. त्यांची १९६२ ची ‘वी हॅव ऑल्वेज लिव्ह्ड इन द कॅसल’ ही कादंबरी तर दोन्ही प्रकारांची सीमारेषाच पुसून टाकते. दोन बहिणी आणि एक आजारी काका गावापासून तुटून एका मोठ्या घरात राहतात. घरातील बाकीची माणसे सहा वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावरच्या साखरेत मिसळलेल्या आर्सेनिकने मेलेली आहेत. थोरली बहीण उत्तम स्वयंपाक करते, आणि तळघरात त्या घराण्यातील पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायकांनी घातलेल्या मुरंब्यांच्या व लोणच्यांच्या बरण्या ओळीने मांडलेल्या आहेत. मराठी घरातल्या माळ्यावरच्या बरण्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला त्या तळघरातली माया ताबडतोब कळते, आणि म्हणूनच त्या साखरेच्या भांड्याचे भय त्याला इतर कोणाहून अधिक जाणवते. या कादंबरीत भूत नाही, आणि ती शरदात वाचावी अशा सर्वोत्तम पुस्तकांपैकी एक आहे.

‘कोझी मिस्टरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रहस्यकथांविषयी थोडक्यात सांगता येते. लहान गाव, हौशी शोधक, रक्तपाताचे वर्णन टाळलेला खून आणि अखेरीस पूर्ववत होणारे जग अशी त्यांची रचना असते, आणि अॅगाथा ख्रिस्ती यांच्या मिस मार्पल हा त्यांचा आदर्श नमुना आहे. ख्रिस्ती यांची १९६९ ची ‘हॅलोवीन पार्टी’ ऋतूला साजेशी आहे खरी. मुलांच्या मेजवानीत पाण्यावर तरंगणारी सफरचंदे दातांनी उचलण्याचा खेळ होतो आणि त्याच टबात एक मुलगी मृत सापडते. परंतु ती लेखिकेच्या उतारवयातील रचना असून तिच्यात बांधणीचा सैलपणा जाणवतो. १९३० ची ‘द मर्डर अॅट द व्हिकरेज’ तिच्यापेक्षा निश्चितच सरस आहे.

मराठीकडे वळताना आरंभ पैठणपासून करावा लागतो. कथासरित्सागर हा ग्रंथ सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचला, परंतु त्याचे मूळ असलेली बृहत्कथा गुणाढ्याची, आणि परंपरेनुसार गुणाढ्य हा प्रतिष्ठान, म्हणजे पैठण, येथील सातवाहन राजाच्या दरबारातला. आख्यायिका अशी की, त्याने विंध्याच्या अरण्यात काणभूती नावाच्या पिशाचाकडून ऐकलेल्या कथा पैशाची भाषेत, शाई नसल्याने स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोकांत लिहिल्या. राजाने त्या नाकारल्या तेव्हा त्याने अग्निकुंड पेटवले आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत तो ते आगीत टाकत गेला. चरणे विसरून ऐकत बसलेली जनावरे वाळली, राजाच्या मुदपाकखान्यातले मांस शुष्क झाले, चौकशी होऊन राजा धावत आला, तोपर्यंत एक लाख श्लोक उरले होते. भारतीय कथासाहित्याच्या एवढ्या मोठ्या भांडाराची जन्मकथाच पिशाचाच्या तोंडून सुरू व्हावी, ही गोष्ट भयकथेला कनिष्ठ लेखणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्मशानातील प्रेत खांद्यावर घेऊन चालणारा राजा आणि त्याला न्यायाचे कोडे घालणारा वेताळ यांच्या कथांची माळही याच ग्रंथात आहे, आणि ती मुलांसमोर वाचण्यास आजही उत्तम आहे.

हा वेताळ कोकणात व गोव्यात ग्रामदेव म्हणून पुजला जातो. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा रात्री गावाच्या सीमेवरून राखणीला फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा असल्याने त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा आणि केळ्यांचे घड वाहिले जातात. जो भुतांचा अधिपती तोच गावाचा राखणदार, ही कल्पना ज्या मातीत रुजली तेथून मराठीला ऊब आणि भय देणारे दोन मोठे लेखक मिळाले. जयवंत दळवी हे आरवलीचेच; त्यांच्या १९६४ च्या ‘सारे प्रवासी घडीचे’मधील विक्षिप्त, भांडकुदळ, प्रेमळ गावकरी वाचकाला ओटीवर बसवून घेतात. चिं. त्र्यं. खानोलकर हेही त्याच तालुक्यातले, आणि त्यांच्या ‘कोंडुरा’ या कादंबरीचे नाव तेथील समुद्रकाठच्या एका प्रत्यक्ष ठिकाणाचे आहे. तिच्यातील दैवी कौल आणि माणसाची वासना यांचा गुंता, तसेच ‘रात्र काळी, घागर काळी’मधील शापित सौंदर्य, कोणत्याही हडळीपेक्षा अधिक काळ मनात घर करून राहते. या दोघांची पुस्तके पाठोपाठ, आधी दळवी आणि मग खानोलकर या क्रमाने वाचावीत. तीच ओटी, तीच माडांची सळसळ आणि तोच कंदील दुसऱ्या पुस्तकात वेगळा दिसू लागतो, आणि हा अनुभव एकेक पुस्तक सुटे वाचून येत नाही.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्यावाचून मराठी भयकथेचा विचार पुरा होत नाही. धारप यांनी परदेशी कथाबीजे मोकळेपणाने घेतली. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’वर आधारलेली आहे, आणि यावरून त्यांना कमी लेखण्याची पद्धतही पडली आहे. तो न्याय योग्य नाही, कारण वारशाने आलेला वाडा, बदलीच्या गावातले भाड्याचे घर, काटकसरीने चाललेला संसार ही त्यांची मांडणी अस्सल मराठी असते, आणि उसने घेतलेले भूत त्या घरात शिरले की ते मराठीच होऊन जाते. मतकरी यांनी गूढकथेला कुटुंबाच्या नात्यांत आणून सोडले. ‘खेकडा’, ‘कबंध’, ‘गहिरे पाणी’ या त्यांच्या पुस्तकांत वाईटाचा उगम बहुधा शेजारच्या खोलीतच असतो. याच लेखकाने ‘अलबत्या गलबत्या’ हे बालनाट्य लिहून मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांना चेटकिणीला घाबरण्याचा आनंद दिला. प्रौढ वाचकाने मतकरींच्या कथा दिवसाला एक याहून अधिक वाचू नयेत, कारण त्यांचा परिणाम कथा संपल्यावर सुरू होतो आणि लगेच दुसरी घेतल्यास तो पुसला जातो.

निव्वळ उबेसाठी पुस्तक हवे असल्यास मात्र परदेशी चित्रांची नक्कल टाळावी. जळती शेकोटी, लोकरीचे पांघरूण आणि वाफाळता कप ही थंड देशांतील शरदाची चित्रे आहेत; महाराष्ट्रात आश्विन बहुतेक ठिकाणी उन्हाने तापलेला असतो आणि पहाटेचा गारवा कार्तिकात येतो. येथील उबेचा खरा ऋतुग्रंथ दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ हे आहे, ज्यात एकेका महिन्याचे आकाश, झाडे आणि गवत असे टिपलेले आहे की खिडकीबाहेर पाहत पाहत ते वाचावे. दुसरे नाव लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’चे घ्यावे. त्यात दारिद्र्य, प्लेग, ताटातूट हे सारे असूनही ते मराठीतील सर्वांत उबदार पुस्तकांपैकी एक ठरले, कारण ऊब ही दुःख वगळून लिहिलेल्या पुस्तकांतून मिळत नाही. बाहेर अंधार आहे हे ठाऊक असलेल्या लेखकाकडूनच ती मिळते.

अखेरची गोष्ट वाचनाच्या रीतीची. गुणाढ्याने कथा वाचून दाखवल्या, जेम्स यांनी वाचून दाखवल्या. ते हस्तलिखित घेऊन खोलीत येत, एक सोडून बाकीच्या मेणबत्त्या विझवत आणि त्या एकीजवळ बसून वाचत, अशी त्यांच्या श्रोत्यांची आठवण आहे. मराठीत कथाकथनाची परंपरा असूनही घरात मोठ्याने वाचण्याची सवय मोडत चालली आहे. या दिवाळीत नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री, फराळाचे डबे भरून झाल्यावर आणि पहाटेच्या अभ्यंगाची तयारी करून ठेवल्यावर, अर्धा तास विजेचे दिवे बंद करावेत, वाचणाऱ्याजवळ एक समई ठेवावी, आणि वेताळाची, धारपांची किंवा मतकरींची एक कथा घरातल्या सर्वांना, म्हाताऱ्यांना व मुलांनाही, वाचून दाखवावी.